तीन सेकंदांचा फरक

सकाळपासून तिचं बूड खुर्चीवर टिकत नव्हतं. प्रबंध चार वाजता सरांच्या हाती द्यायचा होता, तो बांधूनही आला होता, तरी बाईसाहेबांच्या जिवाला चैन नाही. कारण एकच, सगळं फार छान जमलं होतं. सूर्यावर भडका उडाला की आधी रेडिओ लहरी येतात आणि बरोबर तीन सेकंदांनी क्ष-किरण, हा तिचा शोध. एक्केचाळीस भडके तपासले, एक्केचाळीस वेळा तीनच. सूर्यासारखा अवली प्राणी इतका वक्तशीर कसा वागेल?

शेवटी प्रबंध काखेत मारून ती तळमजल्यावरच्या कार्यशाळेत उतरली. वेधशाळेची यंत्रं सांभाळणारे मिस्त्री म्हणजे तिचे वडीलच. लेकीचे तीन सेकंद त्यांनी पोस्टमनपासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना ऐकवले होते.

"बाबा, आलेखाच्या कागदावर दोन पेनं चालतात ना, एक रेडिओचं, एक उपग्रहाकडून येणाऱ्या क्ष-किरणांचं. ती अगदी एका रेषेत असतात का हो?"

"एका रेषेत कशी असतील? आदळतील की एकमेकांवर. एक जरा पुढे ठेवावंच लागतं."

"जरा म्हणजे किती?"

"तीन मिलिमीटर."

कागद सेकंदाला एक मिलिमीटर सरकतो, हे दोघांनाही पाठ होतं. बाबांनी हातातला पान्हा खाली ठेवला. तीनातून तीन गेले. चार वर्षं राबून हाती काय आलं, तर दोन्ही एकदमच निघतात.

"मी कुणाला बोलणार नाही," बाबा हळूच म्हणाले. "पेनांचं माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही."

एक सैल स्क्रू खपवून न घेणारा माणूस आपल्यापायी हे बोलतोय, याचं तिला रडूच आलं. ती सरांच्या खोलीकडे जिना चढू लागली. बाबांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, आणि मग दुखऱ्या गुडघ्यांची पर्वा न करता तिला ओलांडून ते सरळ सरांच्या खोलीत शिरले. दारसुद्धा वाजवलं नाही.

"साहेब, चूक माझी आहे. पेनं मी मागेपुढे लावली, त्यातून ते तीन सेकंद आले. पोरीला यातलं काही माहीत नव्हतं."

सर चष्म्यावरून दोघांकडे बघत राहिले. तिने प्रबंध छातीशी घट्ट धरला होता.

"पेनं बरोबरच लावली होती, सर," ती म्हणाली. "कशी लावलीत, हे मी चार वर्षांत एकदाही विचारलं नाही. बाबा रोज माझ्यासमोर बसून जेवत होते."