गाळलेली सतरा वर्षं

आपल्याकडे कुणाचा सत्कार करायचा ठरला, की आधी त्या माणसाला धुऊन-पुसून घेतात. शाल-श्रीफळ नंतर. पहिल्यांदा त्याचा परिचय तयार होतो, आणि त्या परिचयात सत्कारमूर्ती जन्मल्यापासूनच थोर असते!

नाशिकरोडच्या एका शाळेतले चित्रकलेचे शिक्षक गोरक्ष सर निवृत्त होत होते. त्यांची दोन पुस्तकं निघाली होती, चित्रांची प्रदर्शनं भरली होती. संस्थेच्या सचिवांनी त्यांच्याकडून आयुष्याची हकिकत लिहून घेतली आणि तिच्यावर लाल पेन चालवलं. देवळ्याला कांद्याच्या खळ्यावर कांदे निवडले, शाळेजवळच्याच कॅम्पातल्या खानावळीत भांडी घासली, सिन्नरच्या कारखान्यात खोकी बांधली, ट्रकवर नंबर रंगवले, ही सगळी सतरा वर्षं गायब. त्या जागी एकच वाक्य आलं, ‘बालपणापासूनच कलासाधनेत रमलेले...’

“समोर डॉक्टर, वकील पालक बसणार, सर. भांडी-बिंडी कशाला? संस्थेची शोभा असते,” सचिव म्हणाले.

सरांना ते खटकलं. पण नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात वाद नको म्हणून त्यांनी मान डोलावली. खरं सांगायचं तर आतून त्यांना जरा बरंही वाटलं. चीड येते ती याचीच!

परिचय वाचायला दहावीतल्या सायलीची निवड झाली. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी तिची आई लंकाबाई चित्रकलेच्या वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. कामावरून तशीच उठून आली होती, पदर अजून ओला होता.

“या ताई, बसा.”

“बसायला नाय आले. सर, ह्यो कागद तुमचाच ना?” तिने परिचय टेबलावर ठेवला. “पोरगी घरी मोठ्यांदा वाचत होती. मी म्हनलं, यात कॅम्पातली खानावळ कुठं हाय? मी तिथंच कामाला हाय. जुनी माणसं अजून सांगत्यात, गोरक्ष इथं मोरीवर भांडी घासायचा अन् कोळशानं भिंतीवर गिऱ्हाइकांची चित्रं काढायचा.”

सरांनी मान खाली घातली.

“मी लय मिरवलं हो! पोरीला कायम सांगायचे, तुझे सर माझ्याच मोरीवरून वर गेलेत. काल ती मला म्हनली, आई, खोटं बोलू नको, सरांच्या परिचयात तसं काय नाय. अन् उद्या तू शाळेत येऊ नको, मैत्रिणींना मी सांगितलंय तू कंपनीत हाय म्हणून.”

“ताई, ते सचिवांनी...”

“सचिवाचं मला सांगू नका! तुमचं तोंड कुनी धरलं व्हतं? एवढे मोठे होऊन तुम्हाला भांड्यांची लाज वाटती, मग माझ्या पोरीला माझी वाटली तर तिचं काय चुकलं?” तिचा आवाज फाटला. “चित्र काढायला कुठं शिकलात, तेवढं तरी खरं सांगा!”

ती तरातरा निघून गेली. सरांना कुणी कानाखाली वाजवावी तसं झालं. खरंच, कुठं शिकलो? चित्र काढायला त्या खानावळीच्या भिंतीवरच. अक्षराचं वळण ट्रकच्या पाठीवर हाती आलं. गोष्ट कशी सांगायची, ते खळ्यावरच्या बायकांनी कांदे निवडता निवडता शिकवलं. कारखान्यात सहादू नावाच्या सोबत्याला सही करायला शिकवली, तेव्हा आपण पहिल्यांदा शिक्षक झालो. त्यांना सचिवांचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःचा आला.

दुसऱ्या दिवशी हॉल गच्च भरला. सरांना शाल पांघरली गेली. सायली कागद घेऊन माईकसमोर आली, तोच सर उठले.

“थांब बाळा. तो कागद खोटा आहे, आणि त्याला मी होकार दिला होता.”

“सर, वेळ कमी आहे,” सचिव दबक्या आवाजात म्हणाले.

“सतरा वर्षं एका रेघेत खोडलीत, वेळ वाचलाच आहे की!” सर कडाडले. मग त्यांनी एकेक काम सांगितलं. भांड्यांपाशी आल्यावर पुढच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं.

“हसा! तुम्ही जेवता ते ताट कुणीतरी घासलेलं असतं. त्या हातांची लाज वाटत असेल तर ही शाल मला नको!” त्यांनी शाल काढून टेबलावर ठेवली. “त्याच मोरीवर आज आपल्या एका मुलीची आई काम करते. माझ्या खोटेपणामुळे ती इथं येऊ शकली नाही. मी तिची माफी मागतो.”

सरांनी नाव घेतलं नव्हतं. सायलीला गप्प राहता आलं असतं. तिने हातातला कागद खाली ठेवला आणि माईक धरला.

“ती माझी आई आहे,” ती म्हणाली. “ती कंपनीत नाही. मी सगळ्यांना खोटं सांगितलं. मी तिला घेऊन येते. तोपर्यंत कार्यक्रम थांबवाल?”

उत्तराची वाट न बघता ती पळत सुटली. सचिव घड्याळ बघू लागले. गोरक्ष सर शांतपणे खुर्चीत बसले आणि म्हणाले, “थांबू या.”

आणि डॉक्टर, वकील, सचिव, अख्खा हॉल एका भांडी घासणाऱ्या बाईची वाट बघत बसून राहिला!

वाचकहो, आपणही आपल्या घरातली अशी वर्षं गाळतोच ना? कुणाचे वडील हमाल होते, कुणाची आई धुणीभांडी करायची, आणि आपण विषय बदलतो. मुलं ते बघतात. आपण कामाची लाज धरली, की मुलं माणसाची लाज धरायला शिकतात. तेव्हा मुलांना कष्टाची थोरवी सांगण्याआधी आपला स्वतःचा परिचय खरा सांगा, पूर्ण सांगा.