बावन्नचा आकडा

मी जुना आहे, मित्रांनो, आणि एका हिवाळ्यात मी एका घराला खोटे सांगितले आहे. हे आधीच कबूल केलेले बरे. मी आर्द्रतामापक. घरगुती हवामान यंत्राचा एक छोटा पांढरा डबा. हवेत ओलावा शंभरात किती, ते मी भिंतीवरच्या पडद्याला कळवतो. तेवढेच माझे काम आणि तेवढीच माझी भाषा.

कारखान्यात आम्हा भावंडांना आधी दमट पेटीत ठेवले, मग कोरड्या पेटीत. ज्याचा आकडा चुकला तो टोपलीत गेला. मी दोन्ही वेळा बरोबर निघालो. तेव्हापासून माझी मान जरा ताठच होती.

विकत घेतले मला एका वाद्ये बनवणाऱ्याने. त्यांची मुलगी त्यांना बाबा म्हणे, म्हणून मीही बाबाच म्हणतो. घराच्या मागच्या खोलीत ते व्हायोलिन आणि चेलो घडवत. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला, आडदांड भाऊ. लाकूड फार नाजूक मनाचे असते. हवा कोरडी पडली की ते आक्रसते आणि तडकते. म्हणून हिवाळ्यात हीटर सुरू झाला की बाबा माझा आकडा पाहत, चाळीसच्या खाली गेला की आईंना हाक मारत, आणि आई खोलीत पाण्याने भरलेली पसरट ताटे मांडत. आई म्हणजे बाबांची पत्नी. दोन वर्षे एकही वाद्य तडकले नाही. आल्यागेल्याला बाबा माझ्याकडे बोट दाखवून सांगत की हा आहे म्हणून मी निर्धास्त आहे. मी फुशारून जाई.

मग मुलीला दूरच्या शहरात एका वाद्यवृंदात जागा मिळाली आणि बाबांनी तिच्यासाठी चेलो करायला घेतला. त्यांचा उजवा हात तेव्हा थोडा थरथरू लागला होता. त्यांनी हे कोणाला सांगितले नाही, पण मला दिसत होते. चेलो उभा राहिला, त्याला रोगण लागले. ओल्या रोगणावर धूळ बसू नये म्हणून बाबांनी तो काचेच्या कपाटात टांगला आणि काळजीपोटी मलाही त्याच्या शेजारी ठेवून दार घट्ट लावले. मोजायचे तर वाद्याच्या कुशीत बसून मोजावे, असा त्यांचा हिशेब होता.

तिथेच माझा घात झाला. रोगणाची उग्र वाफ कपाटात कोंडली. माझ्या पोटात ओलावा शोषणारा नखाएवढा पापुद्रा आहे, त्यात ती वाफ मुरली आणि त्याला तीही ओलावाच वाटली. दार लागल्यावरही हीटरने कपाट आतून सुकत चालले होते. मला ते कळत होते. पण मी काही बोलायला गेलो की पडद्यावर उमटे ते बावन्न. आतून मी कोरडा कोरडा म्हणून ओरडत होतो आणि बाहेर बावन्न, बावन्न, बावन्न. चारी बाजूंनी काच, आणि स्वतःचीच जीभ फितूर. असा कोंडमारा शत्रूच्याही वाट्याला येऊ नये.

आईंना मात्र संशय आला. त्या निवृत्त नर्स. वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या काचेच्या पेट्या सांभाळण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती.

"अहो, हवा कोरडीठाक आहे. माझे ओठ फुटलेत. ताटं मांडू का?"

"अगं, बावन्न आहे. जास्त ओल झाली तर रोगण वाळणार नाही."

ताटे फडताळातच राहिली. आठवडाभराने एका दुपारी माझ्या शेजारी टक् असा आवाज झाला. चेलोच्या वरच्या फळीला चार बोटे लांब तडा गेला होता. बाबा धावत आले. त्यांनी तडा पाहिला, मग पडदा पाहिला. हवा तर ठीक होती. म्हणजे दोष हाताचाच. फळी तासताना हात थरथरला असणार, असे त्यांनी ठरवून टाकले. त्यांनी मुलीला फोन करून दुकानातला चेलो घ्यायला सांगितले आणि पटाशा, रंधे एकेक पुसून कापडात गुंडाळायला घेतले. चाळीस वर्षांचे काम ते माझ्या शब्दावर बंद करत होते. मित्रांनो, त्या दिवशी मला फुटून जावेसे वाटले.

आईंनी वाद घातला नाही. त्यांनी मला कपाटातून काढले. बाटलीच्या टोपणात मीठ घेतले, त्यावर पाण्याचे थेंब टाकून ते ओल्या वाळूसारखे केले आणि त्याच्यासोबत मला काचेच्या बरणीत घालून झाकण लावले. पुन्हा कोंडवास. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाबांना पडद्यासमोर उभे केले.

"किती दाखवतोय?"

"एक्क्याण्णव."

"ओल्या मिठाच्या बरणीत पंचाहत्तर यायला हवेत. दवाखान्यात पेट्यांचे मापक आम्ही असेच तपासायचो. आकडा आणि बाळ यांचं जमलं नाही, तर आम्ही बाळाचं ऐकायचो."

बाबांनी मनातल्या मनात वरचे सोळा बावन्नातून वजा केले. उरले छत्तीस, चाळीसच्या खाली.

"म्हणजे माझा हात नाही चुकला."

"नाही."

त्यांनी कापड उलगडले. माझी अब्रू गेली होती, पण इतका आनंद मला शाबासकीनेही कधी झाला नव्हता. तडा आतून पट्ट्या लावून सांधला गेला. मुलगी महिनाभर उशिराने आली आणि आपला चेलो घेऊन गेली.

मला त्यांनी फेकले नाही. मी आता कपाटासमोरच्या फळीवर आहे. मोकळ्या हवेत माझ्यातली वाफ हळूहळू उडते आहे. पण घरात सगळ्यांची समजूत अशी की मी म्हातारपणामुळे चुकलो. म्हणून त्यांनी नवा मापक आणला आणि काल तो त्याच कपाटात, ओल्या रोगणाच्या व्हायोलिनशेजारी ठेवून दार लावले. काचेतून तो मला दिसतो. त्याची मान अजून ताठ आहे. मी त्याला काही सांगू शकत नाही, कारण मला फक्त आकडे बोलता येतात.

तुम्हाला बोलता येते, मित्रांनो. त्या घरी कोणी गेलात तर बाबांना एवढे सांगा, की त्या पोराला आधी बाहेर काढा.