शेजारची सीट

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ह्यांनी गाडीतली शेजारची सीट काढून टाकली. मागची आधीच गेली होती. मग मॅट, रेडिओ, दारांची आतली अस्तरं, एकेक करून सगळं बाहेर. वजन कमी तर वेग जास्त, हा ह्यांचा एकच हिशेब. शर्यतीच्या आदल्या दिवशी स्वतःसुद्धा अर्धपोटी झोपायचे. वेड म्हणतात ते आणखी काय असतं?

बंद पडलेल्या धावपट्टीवर दर रविवारी ही मंडळी जमायची. दोन गाड्या शेजारी शेजारी, पाव मैल, नाकासमोर सरळ. आधी पोचेल तो जिंकला. तेव्हा सिग्नलचे दिवे नव्हते, झेंडा दाखवायला माणूस लागायचं. ते काम माझ्या गळ्यात पडलं. मी झेंडा खाली आणायची आणि दोन्ही गाड्या माझ्या तोंडावर धूळ उडवून निघून जायच्या. पुढे दुसरीकडे दिवे आले, आमच्याकडे मीच राहिले. इतक्या वर्षांत मी ह्यांची फक्त पाठ पाहिली. एकदा तरी आत बसावं असं फार वाटायचं. पण मागितलं नाही. आपण म्हणजे ह्यांना वजनच, हे मनात घट्ट बसलं होतं.

मग धावपट्टी विकली गेली. शेवटच्या रविवारी समोर ह्यांचा मित्र होता. त्याला सगळे स्पीडब्रेकर म्हणत. बिचारा ह्यांच्याविरुद्ध एकदाही जिंकला नव्हता. मी झेंडा घेऊन निघाले, तर ह्यांनी तो काढून स्पीडब्रेकरच्या बायकोच्या हातात दिला आणि गाडीचं दार उघडलं. आत सीट होती. तीच, माळ्यावर जपून ठेवलेली.

"अहो, हराल ना!"

"बस गं. पट्टा लाव."

झेंडा खाली आला. मी जीव मुठीत धरून बसले. स्पीडब्रेकर पुढे गेला, खिडकीतून हात काढून आनंदाने ओरडत. हे चक्क हसत होते.

पलीकडच्या टोकाला मी पहिल्यांदाच पोचले. वाळलेलं गवत आणि एक मोडकी खुर्ची.

"एवढंच आहे होय इथे?"

"एवढंच. जिंकलो की दर वेळी तुला सांगायला शेजारी वळायचो. शेजारी नुसता पत्रा."

"मग सीट बसवायची होती की कधीच!"

"तुला झेंडाच आवडतो असं वाटलं मला."

भांडायला तोंड उघडलं, पण डोळेच भरून आले.

"परत जाताना हळू घ्या," एवढंच म्हटलं.

आणि जन्मात पहिल्यांदा ह्यांनी गाडी हळू चालवली.