दुसरी बेडरूम

घर घेऊन पाच महिने झाले आणि बाबा बाथरूममध्ये पडले. फरशी मी स्वतः बसवलेली. माझा धंदाच तो. खुब्याचं हाड मोडलेलं, तशात पडल्या-पडल्या बाबा म्हणाले, "लेव्हल मात्र बरोबर धरलीयस." त्यांनी चाळीस वर्षं गवंडीकाम केलेलं. त्यांच्याकडून मला मिळालेली ही पहिली शाबासकी.

डॉक्टर म्हणाले, महिन्याभरात सांधा बदला, नाहीतर चालणं विसरा. पैसे तर सगळे घरात गेलेले. बँकेतल्या बाईंनी समजावलं, घराच्या आजच्या किमतीतून फिटायचं राहिलेलं कर्ज वजा केलं की उरतो तो तुमचा वाटा. त्यावर आणखी कर्ज मिळतं. आमचा वाटा जेमतेम एका खोलीच्या किमतीएवढा भरत होता. ऑपरेशनला तेवढा पुरणार होता, पण अगदी काठावर.

"सोमवारी आमचा माणूस किंमत ठरवायला येईल," बाई म्हणाल्या. "घर जरा नीट दिसू द्या."

हे मी घरी जाऊन जसंच्या तसं सांगितलं.

"किंमत वाढवायचीय ना?" बाबा खाटेवरून म्हणाले. "मग माझ्या खोलीची ही भिंत पाड. हॉल केवढा दिसेल बघ."

माझी बायको चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते. ती म्हणाली, "बाबा, नुसता रंग दिला तर?"

"रंग काय गं, कोणीही देतं."

त्यांनी माझ्याकडून भिंत ठोकून घेतली आणि डोळे मिटून आवाज ऐकला. "भार नाही हिच्यावर. वरून उतरव. अरे, जोरात मार, पाहुणी आहे का ती?"

दोन दिवस आमच्या घरात इतका आनंद होता की शेजारी तक्रार करायला आले. सोमवारी सकाळी घराचं मैदान झालेलं, आणि मैदानाच्या मधोमध दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाबा खाटेवर.

किंमत ठरवणारा आला. त्याच्या मोजायच्या यंत्राचा लाल ठिपका बाबांच्या कपाळावर पडला. तो सॉरी म्हणाला.

"कागदावर दोन बेडरूम आहेत."

"होत्या," मी म्हणालो.

"मग दुसरी कुठंय?"

"तुम्ही जिथं उभे आहात ना, तीच."

"जागा तेवढीच आहे की," बाबा म्हणाले. "उलट मोकळी झाली."

"काका, फॉर्ममध्ये मोकळेपणाचा रकाना नाहीये."

आमचं घर एका बेडरूमचं झालं, किंमत उतरली आणि आमचा वाटा साफ गेला. बाई म्हणाल्या, भिंत होती तशी बांधा, सोसायटीचं पत्र आणा आणि तीन महिन्यांनी नव्याने अर्ज करा.

"तुम्हीच म्हणालात, घर नीट दिसू द्या."

"अहो, मी झाडून घ्या म्हणत होते."

मग मी सगळीकडे हात पसरले. ताईने दिले, ठेकेदाराने उचल दिली. जमले तेवढ्यात बाबांना भूल देता आली असती. पुढचं काही करता आलं नसतं. महिना उलटला. डॉक्टरांनी बाबांचा पाय हलवून पाहिला आणि माझ्या बायकोला पडून राहून पाठीला होणाऱ्या जखमा कशा टाळायच्या ते दाखवलं.

सोसायटीची नोटीस आली होतीच, तेव्हा भिंत बांधायला घेतली. मी फरशीवर खडूने खुणा करत होतो. बाबा बघत होते.

"दाराला किती सोडतोयस?"

"अडीच फूट. होतं तेवढंच."

"साडेतीन सोड."

"एवढं कशाला?"

"अडीचमधून खाट निघत नाही," बाबा म्हणाले. "नाहीतर मला बाहेर काढताना पुन्हा भिंत पाडावी लागेल."

मी खडूची रेघ पुसली आणि एक फूट पुढे मारली. बाबांनी मान वाकडी करून ती सरळ आहे का ते पाहिलं.

"हं," ते म्हणाले. "कालव आता माल."