कार्डावरचं कुंकू

“चंद्रव्वा! हे आत कुंकू कुणी लावलं?”

सिद्धलिंगप्पांचा आवाज असा फाटला की स्वयंपाकघरात शेंगापोळी लाटणाऱ्या चंद्रव्वाच्या हातातलं लाटणं निसटलं. पिठाच्या हातानंच ती बाहेर आली. नवरा कॉम्प्युटरसमोर उकिडवा बसलेला. डब्याची एक बाजू उघडी, आत पंखे गरगरतायत, दिवा लागलाय आणि पडदा मात्र काळाठिक्कर. ‘नो सिग्नल’ एवढी अक्षरं चमकायची आणि विझायची.

“मीच लावलं की,” ती म्हणाली. “खंडेनवमी हाय न्हवं का? सकाळी पूजा केली तवा लावलं.”

“अगं, मग भाईरनं डब्याला लावायचं! आत कशाला बोट घातलंस?”

आता यात त्या बाईचं काय चुकलं, सांगा! माहेरी तिचा जन्म मागाच्या खडखडाटात गेलेला. कांड्या भरता भरता ती मोठी झाली. मागाची पूजा कुणी लांबून हात जोडून करतं का? धोट्याला, फणीला, जिथं जिथं काम चालतं तिथं तिथं बोट टेकवायचं, अशीच रीत. या घरातला माग म्हणजे हा कॉम्प्युटर. सिद्धलिंगप्पा यावर चादरींची डिझाईनं काढायचे आणि ती कारखान्यात मागावर चढायची. एकदा त्यांनीच डबा उघडून तिला आतलं पंख्याचं कार्ड दाखवलं होतं. “सगळे रंग ह्यातनंच पडद्यावर येतात,” म्हणाले होते. काल संध्याकाळी त्यांनीच आतली धूळ काढली, वायरी सोडल्या, परत लावल्या आणि पूजेसाठी डबा उघडा ठेवला. रंग देणाऱ्या वस्तूला तिनं मायेनं ओलं हळद-कुंकू लावलं, तेही मशीन बंद असताना. झालं एवढंच.

पण वेळ वाईट होती. उद्या दसरा. ईरप्पा मालकांच्या कारखान्यात मुहूर्तावर नवी चादर मागावर चढायची होती आणि तिचं डिझाईन आज दुपारपर्यंत धाडायचं होतं. मालक हल्ली तरुण पोरांकडून कामं करून घेत होते. या खेपेला चुकलं की पुढचं काम गेलंच म्हणायचं.

“गेलं का ओ कार्ड?” तिनं घाबरत विचारलं.

“गेलं की! तुझ्या हातानं गेलं! खाल्लंस माझं काम!”

चंद्रव्वा सुन्न झाली. सासूनं बोल लावले, जावेनं टोमणे मारले, पण या माणसानं लग्नापासून कधी आवाज चढवला नव्हता. ती नुसती भिंतीला टेकून उभी राहिली.

सिद्धलिंगप्पांनी मशीन बंद केलं, कार्ड उपटून काढलं आणि वर्तमानपत्रावर ठेवलं. कार्डाच्या मशीनमधे खोचायच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासलं. कुंकवाचा एक ओघळ पंख्यावरून हिरव्या पाटीच्या काठावर आला होता. तो निघेना, तसं दाढीचं ब्लेड आणून खरडायला लागले.

“हळू की,” चंद्रव्वा पुटपुटली.

“तू बोलू नगंस! आजपास्नं ह्या खोलीत पाय ठेवायचा न्हाय!”

कार्ड परत बसवलं. पंखे फिरले. पडदा काळाच. मग त्यांनी तिच्यासमोरच मालकांना फोन लावला. “काय सांगू मालक, बायकोनं मशीनमधी कुंकू ओतलं. कार्ड जळालं.”

ओतलं! एक बोट टेकवलं होतं हो तिनं! चंद्रव्वाला थोबाडीत बसल्यासारखं झालं.

दुसरा फोन मागच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या शिवशरणला. तो लगेच पिशवी घेऊन आला. त्यानं आत बघायच्या आधी मशीन फिरवून मागची बाजू बघितली आणि थबकला.

“काका, पडद्याची वायर हितं कुणी लावली?”

“मीच, काल. का?”

“ही वरची जागा मशीनची. कार्ड बसवल्यावर ही बंदच असती. वायर खाली कार्डाला लावायची. कुंकू असू दे न्हाय तर नसू दे, पडदा काळाच राहणार की.”

सिद्धलिंगप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. शिवशरणनं वायर खाली लावली. तरी पडदा काळाच! आता त्याचंही कपाळ आक्रसलं. कार्ड काढून त्यानं मोबाईलच्या उजेडात धरलं. मग वर्तमानपत्रावरच्या कुंकवाच्या भुकटीत बोट फिरवलं आणि मुंगीएवढा तपकिरी तुकडा उचलला.

“हा कार्डावरचा भाग हाय. बघा, ब्लेडनं उडालाय. पाटीवर चराबी पडलाय.” तो हळू आवाजात म्हणाला, “कुंकू तर दातांपतुर पोचलंबी न्हवतं, काका.”

चंद्रव्वा नवऱ्याकडे बघत राहिली आणि नवरा जमिनीकडे.

शिवशरणनं पिशवीतलं जुनं कार्ड बसवलं, वायर लावली, बटण दाबलं. पडदा उजळला. चादरीची लाल-पिवळी वेलबुट्टी जशीच्या तशी समोर आली. तेवढ्यात फोन वाजला. ईरप्पा मालकच होते.

“व्हय मालक, झालं चालू,” सिद्धलिंगप्पा घाईघाईनं म्हणाले. “धाडतो तासाभरात. कार्ड? ते गेलंच. सांगितलं न्हवं का, हिच्या त्या पूजेपायी…”

चंद्रव्वाचा कानांवर विश्वास बसेना. मघाशी रागात बोलला, ठीक. पण आता? आता तर सगळं डोळ्यांनी बघितलं होतं! सकाळपासून बसलेल्या धक्क्यांत हा सगळ्यांत मोठा. तिनं पदराला हात पुसले, पुढे झाली आणि नवऱ्याच्या हातातला फोन घेतला. मालकांशी ती आजवर कधी बोलली नव्हती.

“मालक, मी चंद्रव्वा बोलते, ह्यांच्या घरातली. कुंकू मी लावलं. वायर ह्यांनी चुकवली अन् कार्डावर ब्लेडबी ह्यांनीच चालवलं. डिझाईन येतंय तुमचं.”

पलीकडून “बरं, अक्का,” एवढंच आलं.

तिनं फोन टेबलावर ठेवला. शिवशरण उगाच वायर गुंडाळत बसला.

“काम करा की,” चंद्रव्वा म्हणाली. “मालक थांबल्यात.”

त्यांचा हात माऊसवर गेला. चंद्रव्वानं कोपऱ्यातला स्टूल ओढला आणि डिझाईन जाईपर्यंत त्याच खोलीत, त्यांच्या शेजारी बसून राहिली.