डोसाची पट्टी

धाकट्या जावेच्या माहेरी, तिच्या आजोबांच्या मोडक्या दवाखान्यामागे खणताना थोरलीला औषधाची बाटली सापडली. साच्याची शिवण तोंडाखालीच थांबलेली; म्हणजे तोंड हाताने घडवलेलं, बाटली शंभरीच्या पुढची! दिसेल ते धुवायची थोरलीची खोड जुनीच. तिने बाटली साबणाच्या पाण्यात बुडवली, आणि कोरड्या मातीत टिकलेली, डोस दाखवणारी कातरलेली कागदी पट्टी विरघळली.

धाकटीने काचेवरून बोट फिरवलं. “आजोबा जुन्याच बाटल्या धुऊन वापरायचे, मला शेजारी बसवून त्यांच्या पट्ट्या कातरायचे हो, ताई. हिच्यावरची मातीनं खाल्ली असेल, नाही?”

“असेल गं.”

“निदान बाटली तरी वाचली, तुमच्या हातांमुळे!” म्हणत धाकटीने तिचे हात धरले.

थोरलीने पटकन बोटं मिटली. नखांत कागदाचा लगदा अजून ओलाच होता.