शेवटचा नंबर मंगळाचा

मंगळवार पेठेतल्या एका शाळेत सम्राट सर विज्ञान शिकवायचे. ग्रहांचा धडा आला, की ते फळ्यावर आपल्या आवडीनं नंबर लावायचे. पहिला शनी, कारण तो कायम नटूनथटून असतो. दुसरा गुरू, पैलवानासारखा दांडगा. पृथ्वी पाचवी, कारण "इथं शेजारी लई तरास देतात." शेवटचा मंगळ. पोरं खो खो हसायची.

यंदा सातवीतल्या आफशीननं विचारलं, "सर, मंगळानं तुमचं काय घोडं मारलंय?"

सर हसले नाहीत. "माझं लग्न ठरलं होतं. मुलगी कोडोलीची, मोना नाव. तिच्या पत्रिकेत मंगळ निघाला आणि आमच्या घरच्यांनी लग्न मोडलं."

"मग हे सगळं खोटं असतंय, म्हणून घरात सांगितलं न्हाय व्हय?"

"तेव्हाबी मी हाच धडा शिकवत होतो. पण घरी गप्प बसलो. मोनानं फोन केला, तोबी उचलला न्हाय."

सरांनी मंगळापुढचा नंबर पुसला. "त्याची काय चूक न्हाय," म्हणाले, आणि पोरांकडं पाठ करून, हातात खडू असताना टेबलावर खडू शोधत राहिले.